'अधूनमधून' या शब्दाचे गणित

व्यसनमुक्तीचा कोणताही शालेय फलक पाहा, निबंध वाचा किंवा पथनाट्य आठवा. त्यात दोनच पात्रे असतात : एक निर्व्यसनी आणि दुसरे व्यसनी. पहिल्याने पहिला घोट घेऊ नये, दुसऱ्याने तो सोडावा, एवढे सांगून पडदा पडतो. नाट्याच्या दृष्टीने हे सोयीचे असेल, पण विज्ञानाच्या दृष्टीने अपुरे आहे. कारण पडदा पडल्यावर खऱ्या आयुष्यात तिसरे पात्र उभे राहते, ते म्हणजे व्यसनातून बरा झालेला माणूस. त्याची पुढची वीस-तीस वर्षे कशी जायची, त्याला धोका कोठून येतो, याविषयी आपले प्रबोधनसाहित्य जवळजवळ गप्प असते.

ही उणीव एका मर्यादित प्रश्नावर तपासून पाहू. झोपेच्या किंवा मन शांत करणाऱ्या गोळ्यांवर, म्हणजे शामक औषधांवर, एकदा अवलंबून राहिलेला आणि त्यातून सुटलेला माणूस पुढे 'अधूनमधून' एखादी गोळी घेऊ शकतो का? घेतली तर नेमके काय होते? आणि आपण लोकांना जे इशारे देतो, त्यांत या प्रश्नाचे उत्तर सापडते का?

हा प्रश्न थोड्या लोकांपुरता नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १.०८ टक्के, म्हणजे जवळपास १ कोटी १८ लाख भारतीय डॉक्टरी सल्ल्याशिवाय शामके घेत होते. अशा लोकांची संख्या सर्वांत मोठी असलेल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. मालेगावात अल्प्राझोलामला मिळालेले 'कुत्ता गोळी' हे नाव वर्तमानपत्रांतून सर्वांना ठाऊक झाले आहे. पण बातमीत येतात ती रस्त्यावर सापडणारी मुले. घरातल्या फळीवर, डब्यात किंवा देव्हाऱ्यामागे ठेवलेले गोळ्यांचे पाकीट बातमीत येत नाही.

लाल चौकट काय सांगते?

प्रथम अधिकृत इशारा पाहू. औषधविषयक नियमांत २०१३ साली 'एच-१' ही नवी अनुसूची घालण्यात आली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही शामके तिच्यात आहेत. त्यांच्या पाकिटावर लाल कडेच्या चौकटीत दोन गोष्टी छापाव्या लागतात. वैद्यकीय सल्ल्याखेरीज हे औषध घेणे धोक्याचे आहे, ही पहिली. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकू नये, ही दुसरी. मेडिकलवाल्याने डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते.

नियम म्हणून ही चौकट चांगली आहे. मजकूर म्हणून ती वाचली, तर तिच्यातील उणिवा दिसू लागतात. पहिली, ती इंग्रजीत असते. घरात ती वाचू शकते ती बहुधा शाळेत जाणारी मुलगी. दुसरी, ती 'धोका' म्हणते, पण कोणता धोका ते सांगत नाही. रोज घेतल्यास शरीराला सवय लागते, एकदम थांबवल्यास झटके येऊ शकतात, दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावतो, यांपैकी एकही गोष्ट तिच्यात नाही. आणि तिसरी, आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : हा इशारा सर्वांना सारखाच आहे. ज्याने आयुष्यात ही गोळी कधी घेतली नाही आणि जो तिच्या विळख्यातून वर्षापूर्वी सुटला, त्या दोघांचा धोका तिच्या लेखी एकच आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या वर्गातील, म्हणजे बेंझोडायझेपिन वर्गातील, सर्व औषधांच्या ठळक इशाऱ्यात गैरवापर, व्यसन, शारीरिक अवलंबन आणि औषध थांबवतानाचा त्रास या गोष्टी स्पष्ट शब्दांत घालायला लावल्या. डॉक्टरांनी औषध लिहिण्यापूर्वी रुग्णाचा व्यसनाचा पूर्वेतिहास तपासावा, असेही सुचवले. म्हणजे तिसऱ्या पात्राची दखल घेणारा इशारा लिहिता येतो. तो लिहायचे मनात मात्र आणावे लागते.

मेंदूतील ब्रेक

आता शरीरात काय घडते ते पाहू. मेंदूतील चेतापेशी एकमेकींना उत्तेजित करतात, तशाच एकमेकींना आवरतातही. आवरण्याचे मुख्य काम करणारे रसायन म्हणजे गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल, थोडक्यात 'गाबा'. सायकलच्या ब्रेकशी त्याची तुलना करता येईल. बेंझोडायझेपिन स्वतः ब्रेक दाबत नाही. गाबाने दाबलेला ब्रेक अधिक घट्ट बसेल, अशी व्यवस्था ते करते. मेंदूत या औषधांना चिकटण्याची खास जागा आहे, हे १९७७ मध्ये डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी दाखवले. गाबा ज्या ग्राहीवर काम करतो, त्या ग्राहीचाच ती एक भाग आहे.

रोज गोळी मिळत राहिली, की मेंदू जुळवून घेतो. ब्रेक बाहेरून घट्ट होतो आहे, तर आपण तो थोडा सैल ठेवू, असा हा प्रकार असतो. ग्राहींचा प्रतिसाद घटतो, उत्तेजक यंत्रणा जोर धरते. मग पूर्वीच्या गोळीने भागेनासे होते आणि गोळी अचानक बंद केली तर सैल ब्रेकची सायकल उतारावर सुटते : झोप उडते, हात थरथरतात, छाती धडधडते, काहींना अपस्मारासारखे झटके येतात. म्हणूनच रोज गोळी घेणाऱ्याने हा किंवा दुसरा कोणताही लेख वाचून ती एकदम बंद करू नये. डॉक्टरच्या देखरेखीखाली आठवड्या-महिन्यांच्या गतीने मात्रा कमी करणे हाच सुरक्षित मार्ग आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे हेदर ॲश्टन यांनी १९८२ पासून बारा वर्षे याच कामाचे उपचारकेंद्र चालवले. त्या अनुभवातून त्यांनी लिहिलेली मार्गदर्शिका आजही वापरली जाते.

दारूही याच ग्राहीमार्फत बराचसा परिणाम करते. त्यामुळे एकाची सवय दुसऱ्याला लागू पडते. दारू सोडवताना डॉक्टर काही दिवस क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम देतात, ते याच तत्त्वावर. पण त्याच तत्त्वाची दुसरी बाजूही आहे. दारूतून सुटलेल्याला झोपेची गोळी 'वेगळी वस्तू' वाटते. मेंदूला ती तितकीशी वेगळी वाटत नाही. शामकांचा इतिहास म्हणजे अशाच 'वेगळ्या वस्तूं'ची मालिका आहे. १८६९ मध्ये क्लोरल हायड्रेट निद्रौषध म्हणून आले, १९०३ मध्ये बार्बिटोन, १९६० मध्ये लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले क्लोरडायझेपॉक्साइड, १९६३ मध्ये डायझेपाम, पुढे झोल्पिडेम. यांतील प्रत्येकाचे स्वागत आधीच्यापेक्षा निर्धोक म्हणून झाले. काही बाबतींत ते खरेही होते. जास्त मात्रेत बार्बिटोनपेक्षा डायझेपाम कमी घातक आहे. पण अवलंबनाचा प्रश्न यांपैकी एकाही औषधाने मिटवला नाही.

काय पुसले जाते, काय उरते?

व्यसनातून बाहेर आलेल्याच्या मेंदूतील ग्राहींचे संतुलन काही आठवड्यांत ते महिन्यांत बरेचसे पूर्ववत होते. 'आता मी पहिल्यासारखा झालो' हे त्याचे म्हणणे त्यामुळे अर्धे खरे असते. उरलेल्या अर्ध्यात चार गोष्टी येतात.

पहिली, गेलेली सहनशक्ती. जो पूर्वी तीन-चार गोळ्या पचवत होता, त्याच्या हाताला आणि मनाला तोच आकडा आठवतो. शरीर मात्र नवशिक्याचे झालेले असते. जुनी मात्रा आता जास्त ठरते. सोबत दारू किंवा अफूच्या वर्गातील वेदनाशामक असेल, तर श्वसन धोकादायक पातळीपर्यंत मंदावू शकते.

दुसरी, शिकलेली वाट. अस्वस्थता, मग गोळी, मग अर्ध्या तासात सुटका, ही साखळी शेकडो वेळा गिरवली गेलेली असते. पाढे विसरले तरी पुन्हा म्हणू लागताच लवकर आठवतात, हे शिक्षकांना सांगायला नको. मेंदूचे हे शिकणे ग्राहींच्या संतुलनापेक्षा फार चिवट असते.

तिसरी, उलटून येणारी निद्रानाशाची लाट. अँथनी केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले, की कमी काळ टिकणाऱ्या काही शामकांचा थोड्या रात्रींचा वापर थांबवल्यानंतरही झोप मूळच्यापेक्षा बिघडते. नवख्या माणसाला ही एक वाईट रात्र वाटते. व्यसनातून सुटलेल्याला तो पुरावा वाटतो : 'बघा, गोळीशिवाय मला झोप येतच नाही.' औषधाने निर्माण केलेली अडचण औषधाच्या गरजेचा दाखला ठरते आणि दुसरी गोळी घेतली जाते.

चौथी, वारंवार सोडण्याची किंमत. अमेरिकेतील बॅलेंजर आणि पोस्ट यांनी १९७८ मध्येच असे मत मांडले, की दारू सोडतानाचा त्रास दर खेपेस अधिक तीव्र होत जातो, जणू मेंदू पेट घ्यायला शिकतो. दारूच्या रुग्णांमध्ये पूर्वी झालेल्या सुटकांची संख्या आणि झटक्यांचा धोका यांचा संबंध त्यानंतर आढळला आहे. शामकांची यंत्रणा तीच असल्याने 'घेतली, सोडली, परत घेतली' हा खेळ फुकट नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

चिंचोक्यांचा प्रयोग

आता 'अधूनमधून' या शब्दाकडे येऊ. 'रोज नाही हो, आठवड्यातून दोनदा' हे वाक्य ऐकायला संयमाचे वाटते. ते कॅलेंडराच्या दृष्टीने खरे आहे. शरीराच्या दृष्टीने ते खरे आहे का, हे आठवी-नववीच्या वर्गात चिंचोके घेऊन पाहता येईल.

औषधाचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुकाल म्हणतात. अल्प्राझोलामचा तो सुमारे ११ तास असतो. डायझेपामचे यकृतात जे सक्रिय रूपांतर होते, त्याचा अर्धायुकाल माणसागणिक सुमारे ३६ ते १०० तास असतो आणि वयाबरोबर वाढत जातो. यांतील ८४ तास, म्हणजे साडेतीन दिवस, हा आकडा घेऊ. दर साडेतीन दिवसांनी एक गोळी, म्हणजेच 'आठवड्यातून दोनदा'. एका गोळीला १६ चिंचोके मोजा. साडेतीन दिवसांनी त्यातले निम्मे काढून घ्या, ८ उरले. नव्या गोळीचे १६ घाला, २४ झाले. पुन्हा निम्मे केले, १२. त्यात १६ घातले, २८. पुढे ३०, मग ३१. हा आकडा ३२ च्या दिशेने सरकत राहतो आणि दोन गोळ्यांच्या मधल्या काळातही १५-१६ चिंचोके, म्हणजे एका गोळीइतका साठा, पाटीवर कायम राहतो.

माणूस म्हणतो, 'मी अधूनमधून घेतो.' रक्त म्हणते, 'मी कधीच रिकामे नसते.' मुलांनी आलेख काढला, तर गणित आणि जीवशास्त्र या दोहोंचा एक चांगला तास होईल. शिवाय ११ तासांच्या अर्धायुकालाचा आलेख शेजारी काढला, तर दुसरी गोष्ट लक्षात येईल : तेथे साठा होत नाही, पण उतार इतका झपाट्याचा असतो, की सुटकेची आणि पुन्हा हवेपणाची जाणीव तीव्र होते. म्हणजे लवकर उतरणारी गोळी एका वाटेने फसवते आणि उशिरा उतरणारी दुसऱ्या वाटेने.

डोळखांबच्या वाटेवर

हा प्रश्न शहरी आहे, असा समज होऊ नये म्हणून एक ग्रामीण परिसर डोळ्यांपुढे आणू. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील डोळखांब हे आजोबा डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव. आसपास ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या-पाडे. शेजारच्या मुरबाड तालुक्याप्रमाणे येथूनही भातकापणी उरकली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. डोळखांबला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्यापुढच्या उपचारासाठी शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि मानसोपचारासाठी अनेकदा थेट ठाणे, जेथे १९०१ साली स्थापन झालेले मनोरुग्णालय आहे.

समजा, या भागातील एका माणसाने मोहाची दारू सोडली. सोडताना रुग्णालयातून काही दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्या संपल्यावर जुनीच चिठ्ठी दाखवून तो त्या घेत राहिला आणि वर्षभर त्यांत अडकला. पुढे डॉक्टरांच्या मदतीने त्यातूनही सुटला. आता दोन पावसाळे गेले आहेत. लावणीचे दिवस आहेत, अंग ठणकते आहे, कर्जाचा हप्ता थकला आहे आणि तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. पाहुणा आलेला मेव्हणा खिशातून पाकीट काढतो : 'दाजी, एक घ्या. एकाने काय होतंय?'

या क्षणी त्याच्या मदतीला आपले कोणते प्रबोधन धावून येते? फलक त्याला 'व्यसन करू नका' म्हणतो. तो व्यसन करतच नाही. लाल चौकट 'डॉक्टरचा सल्ला घ्या' म्हणते. रात्रीचे नऊ वाजले आहेत आणि शहापूरची गाडी सकाळी आहे. 'औषध म्हणजे दारू नव्हे' असे त्याचे मन म्हणते आणि मेव्हणाही काही वाईट हेतूने बोलत नाही. धोका येथे शत्रूच्या नव्हे, आप्ताच्या हातून येतो.

एखाद्या लग्नात किंवा जत्रेत घेतलेल्या ताडीतूनही हेच घडू शकते. भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम मिसळले जाते. तेलंगणात २०१५ च्या सप्टेंबरात अशा ताडीवर कारवाई झाली, तेव्हा निजामाबाद आणि महबूबनगर भागांत नेहमीची ताडी बंद झाल्यामुळे कित्येक जण झटके, भ्रम आणि थरथर घेऊन रुग्णालयांत आले. आपण गोळ्यांवर अवलंबून आहोत, हे त्यांतील अनेकांना माहीतही नव्हते.

दुसऱ्या टोकाची चूक

मग फलकावर 'एक गोळी घेतली की सर्व संपले' असे लिहावे काय? तसे लिहिणे सोपे आहे, पण तेही अशास्त्रीय आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी पाय घसरणे आणि पुन्हा गर्तेत पडणे यांत फरक केला. पहिल्या घसरणीनंतर 'मी हरलो, आता लपवण्यात किंवा थांबण्यात काय अर्थ?' असे वाटले, तर तीच भावना माणसाला पुढे ढकलते. जो इशारा पहिल्या गोळीलाच अखेरचा निकाल ठरवतो, तो दुसऱ्या गोळीची वाट मोकळी करतो. शिवाय वैद्यकीय गरज हीही वस्तुस्थिती आहे. शस्त्रक्रियेत, दुर्बीण घालून होणाऱ्या तपासणीत, झटके थांबवण्यासाठी शामक द्यावे लागते. बरा झालेल्या माणसाने ते नाकारू नये. आपला पूर्वेतिहास मात्र डॉक्टरांना आधी सांगावा. रुग्णालयात देखरेखीखाली मिळालेली एक मात्रा आणि घरी, एकट्याने, अस्वस्थतेवर उतारा म्हणून घेतलेली एक गोळी यांचे रसायन एक असले, तरी त्यांतून मेंदू शिकतो ते वेगळे असते.

आपल्याकडे या तिसऱ्या पात्राकडे कोणी पाहिलेच नाही, असे नाही. अनिल अवचट यांच्या 'गर्द' या पुस्तकाने ब्राऊन शुगरचा प्रश्न मराठी वाचकांपुढे आणला. १९८६ मध्ये त्यांनी आणि डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने उपचारानंतरच्या पाठपुराव्याला कामाचा भाग मानले. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले, त्यांना पडद्यानंतरचे नाटक माहीत आहे. ते शाळेच्या फलकापर्यंत पोचलेले नाही, ही खंत आहे.

शिक्षकाला काय करता येईल?

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'सामाजिक आरोग्य' हा पाठ आहे. त्यात ताणही आहे आणि व्यसनेही. या दोहोंच्या मधोमध झोपेची गोळी बसलेली असते, हे वर्गात दाखवता येईल. चिंचोक्यांचा प्रयोग तेथेच शोभेल. पाकिटावरील लाल चौकट फळ्यावर मराठीत लिहून काढणे हाही चांगला स्वाध्याय आहे. आणि तिच्यात कोणती वाक्ये असायला हवी होती, हे मुलांना विचारावे.

माझ्या मते ती वाक्ये अशी असावीत. दुसऱ्याच्या नावची गोळी घेऊ नये, देऊही नये. ज्याला पूर्वी दारूची किंवा गोळ्यांची सवय होती, त्याच्यासाठी 'एखादी' हे प्रमाण सुरक्षित धरू नये. रोज घेणाऱ्याने एकदम थांबवू नये. आणि बरा झालेल्याने एखादी घेतलीच, तर दुसरी घेण्यापूर्वी, त्याच दिवशी, विश्वासातल्या कोणाला तरी सांगावे. या शेवटच्या वाक्यासाठी फोनही उपयोगी पडतो : व्यसनाबाबत १४४४६ आणि मानसिक आरोग्याबाबत १४४१६ हे सरकारी क्रमांक डोळखांबहूनही लागतात.

झोपेचा मूळ प्रश्न उरतोच. त्यावर गोळीखेरीज उपाय आहेत : उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे, झोप आल्याशिवाय अंथरुणावर न पडणे, जाग आल्यास उठून बसणे, दुपारची झोप टाळणे. वर्तनोपचारातील या साध्या नियमांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात, पण ते थांबवल्यावर लाट उलटून येत नाही. मेव्हण्याने दाजींना गोळीऐवजी हे सांगितले आणि त्या रात्री ओसरीवर थोडा वेळ सोबत बसून काढला, तर ते केवळ चांगुलपण होणार नाही. मेंदूच्या शास्त्राशी सुसंगत असा तो उपचार ठरेल. मात्र हे त्याला ठाऊक व्हायचे, तर ते त्याने कोणत्या तरी इयत्तेत ऐकलेले असायला हवे.